बाजेखालची शेगडी

"हे पाह्य, हलीमा, ही पाचवी खेप हाये. पाचवी! नऊ दिवसाची बायंतीन, अन् बाजेवर उभी राहून खिडकीतली रुई उपसून राहिली. माकडीन बरी वं माय, थे लेकरू पोटाशी धरून एका जागी बसते तरी."

चतुराबाईनं मुठीतला रुईचा बोळा हलीमाबीच्या नाकासमोर धरला, जणू चोरीचा माल सापडला होता. हलीमाबी दाई अंगणात पाय पसरून तेलाची वाटी कोमट करत बसली होती. अकोल्यातल्या त्या वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. चतुराबाईचा धर्मपालही त्यातलाच. म्हणून चतुराबाईच्या तोंडावर हसायचा हक्क साऱ्या गल्लीत तिला एकटीला होता.

"मंग भर परत," हलीमाबी म्हणाली. "रुईची काय कमी तुले? बीस साल कापसाच्या जिनमंदी काढले तू."

"भरतेच. पन तिले इचार ना, काढते कावून म्हनून. म्हने गुदमरते. म्हने डोकं दुखते, मयमय करते. आमी नाई निजलो बाजेवर? आमाले डोकी नव्हती?"

"तेरी तो अब भी नही है," हलीमाबी तेलात बोट बुडवत म्हणाली आणि आधी आपणच हसली.

चतुराबाई हसली नाही. एकोणीसशे एकसष्ट साल नुकतंच लागलं होतं, पौषाचा गारठा हाडात शिरत होता, आणि घरात नऊ दिवसांची नात होती. सत्यभामा, तिची सून, मोर्शीची. माहेरी आई नाही, एकटा बाप. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरी करायचं ठरलं. चतुराबाईनं ते अंगावर घेतलं ते मोठ्या तोऱ्यानं. डिंकाचे लाडू, मेथ्या, आळीव, कशात कमी पडू दिलं नाही. मधल्या खोलीत बाज टाकली, बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली, वर ओव्या-शेपाची धुरी. खोलीला एकच खिडकी, हातभर रुंद. तिच्या फटीत बोटानं रुई ठासून भरली, दाराच्या आतून गोधडी टांगली. वारा म्हणून आत शिरता कामा नये.

चार वर्षांपूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा चतुराबाईनं घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि स्वतः मोर्णा नदीच्या पाण्यात सोडून आली. मागे वळून पाहिलं नाही. उपास सोडले, नवस सोडले, अंगात येणं सोडलं. रात्रीच्या वर्गाला जाऊन सही शिकली. पण बाजेखालची शेगडी सोडायची असते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर तिनं त्याला उभं केलं नसतं.

कारण वाऱ्यानं तिचं एक लेकरू गेलं होतं.

ती तेव्हा सतरा वर्षांची. बाळापूरजवळच्या खेड्यात सासर. पहिली मुलगी झाली, सातव्या दिवशी गेली. आदल्या संध्याकाळी चतुरा परसात गेली होती आणि येताना दार लोटायचं विसरली. घटकाभर उघडं राहिलं असेल, जास्त नाही. सासू ओरडली, दार लावून घेतलं, खाली चिंध्या कोंबल्या, शेगडीत आणखी कोळसे घातले. सकाळी चतुरा उठली तेव्हा तिला डोळे उघडवत नव्हते आणि कुशीतली पोर थंड होती. सासू साऱ्या गावाला सांगत फिरली, "इनं दार उघडं टाकलं. वारं लागलं अन् पोरगी गेली." चतुरानं ते खरं मानलं. दार तिनंच उघडं टाकलं होतं.

त्यानंतर अकोल्याला आल्यावर धर्मपाल झाला तेव्हा चतुराबाईनं बाजेवर अंगच टाकलं नाही. नवऱ्याला कोळसा आणायला पैसा नव्हता. ती गोधडीत लेकरू गुंडाळून उन्हात बसली आणि ते जगलं. ते कसं जगलं, याचा विचार तिनं कधी केला नाही. जगलं ते आपल्या नशिबानं. गेलं ते आपल्या हातानं, एवढंच तिला ठाऊक होतं.

ती रुईचा बोळा घेऊन आत गेली. सत्यभामा बाजेवर उशाला टेकून बसली होती. डोळे तांबारलेले, ओठ कोरडे, पण मान ताठ.

"आत्याबाई, खरंच दुखते वं डोकं. परसात नेता ना तवा बरं वाटते. आत आली का पुन्हा सुरू."

"परसातल्या हवेत साखर हाये काय?"

"तसं नाई. माह्या बाबाचं काम तुमाले ठाऊक हाये ना? इहिरी खोदाचं?"

चतुराबाईला ठाऊक होतं. मोर्शीकडे संत्र्याचे बगीचे वाढत चालले होते, आणि बगीचा म्हटलं की विहीर आली. सत्यभामेचा बाप देवमन आणि त्याची टोळी त्या विहिरी खोदत.

"काम चार दिवस बंद राहिलं ना, का इहिरीच्या तयाले हवा बसते," सत्यभामा सांगू लागली. "दिसत नाई, वास येत नाई. मंग बाबा आंधी दोराले कंदील बांधून खाली सोडते. कंदील इझला तं कोनी उतराचं नाई. एक खुशालराव म्हनून होता, हासला, अन् तसाच उतरला. त्याले दोरानंच वर काढलं. मले वाटते, ह्या खोलीत तसं काई बसून राहिलं."

चतुराबाईनं कमरेवर हात ठेवले. "आता माह्या घराले इहीर म्हन! ह्या घराची एकूनएक वीट म्या डोक्यावर वाहून आनली. जिनमंदी दिवसभर कापूस ओढून सांजच्याले विटा वाहल्या. अन् तू नऊ दिवस निजली अन् त्याची इहीर करून टाकली?"

"मंग लावून पाहू ना कंदील."

"लाव! इझला तं म्या आपल्या हातानं खिडकी उघडीन. नाई इझला तं सव्वा महिना तोंडातून सबद काढाचा नाई. हाये कबूल?"

"कबूल."

रविवार होता. धर्मपाल पोस्टात कारकून. सुट्टी म्हणून अंगणात सायकल पुसत बसला होता. आईनं हाक मारली, त्यानं कंदील पेटवला, काच पुसली आणि बाजेजवळ जमिनीवर ठेवला. आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. दोघींची नजर कंदिलावर.

"माय, मले वाटते, खिडकी थोडीशी—"

"तुले कोनी इचारलं?"

"नाई," धर्मपाल म्हणाला आणि पुसून झालेली सायकल पुन्हा पुसायला गेला.

दुपारभर कंदील जळला. शेगडी धगधगत होती, दार बंद, खिडकीत रुई, आणि कंदिलाची ज्योत सरळ, पिवळी, जणू शाळेतला गुणी पोरगा. सत्यभामा तिच्याकडे पाहत राहिली. तासाभरानं तिची ताठ मान खाली आली. चतुराबाईनं ते बघितलं आणि तिला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण त्याच्या मागोमाग कसलंसं वाईटही वाटलं. तिनं वाटीत लाडू आणून सुनेच्या हातात दिला.

"खा. म्या काई वैरीन नाई तुही."

"चुकलं आत्याबाई," सत्यभामा म्हणाली. "मले वाटलं होतं."

त्या दिवशी चतुराबाईनं खिडकीची फट आणखी बारकाईनं बुजवली.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. सोमवार. धर्मपाल पोस्टात गेला. सकाळी हलीमाबीनं लेकराला आणि बाळंतिणीला चोळून न्हाऊ घातलं, धुरी दिली आणि ती घरी गेली. वारा असा सुटला की टिनाचं छप्पर खडखडू लागलं. चतुराबाईनं शेगडीत कोळसे वाढवले, दाराची गोधडी खाली दुमडून दाबली आणि त्या गोधडीलाच पाठ लावून, पाय पसरून बसली. सून शब्दाची पक्की आहे हे तिला कळलं होतं. तरी राखण केलेली बरी.

सत्यभामेनं खिडकीकडे पाहिलंही नाही. भिंतीकडे तोंड करून निजली.

"आज कशी गुनाची," चतुराबाई पुटपुटली. तिला बरं वाटलं. सुनेचा पाय वाकळेतून बाहेर आला होता. पाऊल लहान, टाचेला भेगा. विहिरीच्या कडेवर मातीच्या पाट्या वाहून पडलेल्या भेगा, लग्नाआधीच्या. पोरीनं कष्ट काढलेत, चतुराबाईच्या मनात आलं. आणि मग असंही आलं, की आपल्याला कोणी अशी राखत बसलं नव्हतं. तिनं पुढे सरकून ते पाऊल झाकलं आणि पुन्हा गोधडीला पाठ टेकली.

जिनचा भोंगा झाला. दुपारचे तीन असावेत. चतुराबाईच्या कपाळावर कोणीतरी दोरी आवळल्यासारखं होत होतं. रात्री झोप नाही, तिनं स्वतःला सांगितलं. वय झालं. कालचा कंदील आता कोनाड्यात होता. भरलेल्या आभाळामुळे खोलीत अंधारलं म्हणून तिनं तो सकाळीच लावला होता. ज्योत सरळ, पिवळी. सगळं ठीक. डोळे मिटावेसे वाटत होते, इतके छान मिटावेसे वाटत होते की बस्स.

लेकरू दुधाला रडलं नाही.

हे तिच्या मनात आलं, गेलं, आणि कसं कोण जाणे, परत आलं. हलीमाबी गेली तेव्हापासून लेकरू रडलं नाही. चतुराबाई हातावर रेलून बाजेपाशी सरकली आणि तिनं वाकळ बाजूला केली.

नातीचे गाल लाल होते. रंगपंचमीला कोणी बोट टेकवावं तसे लालबुंद. ओठही लाल. किती गोड दिसते, म्हणून चतुराबाई क्षणभर पाहत राहिली. आणि मग तिला आठवलं, हे गाल तिनं पाहिले होते. हेच. त्या सकाळी बाळापूरजवळच्या घरात शेजारणी म्हणाल्या होत्या, "माय वं, मेली म्हनून वाटत नाई. झोपल्यावानी दिसते. गाल पाह्य कसे लाल." थंडीवाऱ्यानं गेलेली लेकरं तिनं जिनच्या चाळीत चार पाहिली होती. ती निळी पडतात. एकही लाल नव्हतं.

"सत्यभामा!"

सून हलली नाही. चतुराबाईनं तिला हलवलं. मान लुळी पडली.

उठायला गेली तर पाय तिचे नव्हते. गुडघ्यातून कापसासारखे गेले. तिनं लेकराला पदरात बांधलं, एका हातानं छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातावर रांगत निघाली. दार चार हातांवर. त्या चार हातांत ती आयुष्यात कधी चालली नव्हती इतकं चालली. गोधडी तिनंच इतकी पक्की दाबलेली की निघता निघेना. दातानं ओढली. कडी हाताला लागेना, मग लागली. दार उघडलं आणि ती लेकरासकट उंबऱ्याबाहेर अंगणात पडली.

वारा. गार, झोंबरा, धुळीचा वारा, ज्याला ती तीस वर्षं भ्याली, तो लेकराच्या तोंडावर आला. चतुराबाईनं तोंड फिरवलं नाही. लेकराचं दुपटं काढून छाती उघडी केली आणि त्याला वाऱ्यात धरलं.

"हलीमा! हलीमा वं!"

हलीमाबी धावत आली ती हातात पिठाचा गोळा घेऊनच. चतुराबाईनं लेकरू तिच्या हाती कोंबलं. "फुंक मार, चोय, काई बी कर!" आणि ती पुन्हा आत वळली.

"अंदर मत जा, मर जाएगी!"

"पोरगी हाये आत!"

पदर तोंडावर धरून ती आत गेली. सत्यभामेला उचलणं शक्य नव्हतं. तिनं बाजेचा पाय धरला आणि ओढला. शेगडी कलंडली, निखारे जमिनीवर सांडले; एक तिच्या पावलाला लागला, तो तिला नंतर कळला. कुरकुरत, अडकत बाज दारापर्यंत आली, पुढे निघेना. हलीमाबीनं लेकरू काखेत दाबून दुसऱ्या बाजूनं हात दिला. दोघींनी सत्यभामेला बाजेवरून ओढून अंगणात घेतलं, डोकं चतुराबाईच्या मांडीवर.

"ऊठ वं माय. ऊठ. भांड माह्याशी. तो सव्वा महिन्याचा सबद परत घेतला म्या. बोल काई बी. शिव्या दे."

आधी लेकरू रडलं. बारीक, मांजरीच्या पिलासारखं. हलीमाबी "अल्ला, अल्ला" म्हणत खाली बसली. मग बऱ्याच वेळानं सत्यभामेला ओकारी झाली, तिनं डोळे किलकिले केले आणि विचारलं, "पोरगी?"

"रडून राहिली. आयक ना. तुह्यावानीच भांडखोर हाये."

टांगा करून दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण, घाईत असलेले. पण त्यांनी सगळं नीट विचारलं. शेगडी कुठे, खिडकी किती, दार कसं. ऐकताना त्यांनी डोक्याला हात लावला.

"कोळशाचा वायू आहे बाई. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत साठत जातो. बाळंतिणीच्या बाजेखाली म्हणजे थेट तिच्या नाकाशीच."

"पन कंदील तं जळून राहिला होता, डॉक्टरसाहेब," धर्मपाल म्हणाला. तो पोस्टातून धावत आला होता, शाईचे हात तसेच.

"विहिरीतली कोंदट हवा वेगळी. तिच्यात ज्योत विझते. ह्या वायूत दिवा तेवत राहतो आणि माणूस विझतो. दिव्यावर विसंबू नका कधी. हवा यायला एक वाट आणि जायला एक वाट ठेवा. शेगडी खोलीत नकोच."

धर्मपाल औषध आणायला गेला. चतुराबाई उभीच राहिली. पायाला पट्टी बांधलेली, पदराला राख.

"डॉक्टरसाहेब, एक इचारू? दार घटकाभर उघडं राहिलं, वारं आत आलं, म्हनून लेकरू जाते काय? रातभरात? गाल लाल होऊन?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांची घाई कुठेतरी गेली.

"नाही बाई. थंडीनं तसं होत नाही. गाल लाल होऊन गेलं असेल तर ते बंद दारानं. दार उघडं होतं तेवढा वेळ उलट ते सुखानं श्वास घेत असणार." मग त्यांनी विचारलं, "कोणाचं लेकरू?"

"असंच," चतुराबाई म्हणाली. "एका ओळखीच्या बाईचं."

ती व्हरांड्यात जाऊन बसली. हलीमाबी शेजारी येऊन बसली. तिला ते जुनं सगळं ठाऊक होतं. चतुराबाई रडली ती आवाज न करता, पण बराच वेळ, आणि रडून झाल्यावर नाक पुसून म्हणाली, "तीस वर्स, हलीमा. दार दिसलं का छातीत कालवाकालव होये." हलीमाबीनं तिचा हात धरून ठेवला. पिठाचे वाळलेले कण अजून तिच्या बोटांवर होते.

दोन दिवसांनी सगळे घरी आले. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीला ठोकण्याचा आवाज आला. चतुराबाई स्टुलावर चढून, पट्टी बांधलेल्या पायानं, हातात सब्बल घेऊन मधल्या खोलीची भिंत फोडत होती, खिडकीच्या समोरची, छपराखाली. धर्मपाल खाली उभा राहून "माय, गवंडी आनतो ना, माय, पडशीन ना" असं म्हणत होता.

"वीट म्या आनली, म्याच काढीन. बाजूले हो."

दुपारपर्यंत भिंतीला चांगलं वीतभर भोक पडलं. खिडकीची रुई निघाली, गोधडी उन्हात गेली. शेगडी अंगणात आली आणि तिथेच राहिली. तिच्यावर फडकी गरम करायची आणि ती फडकी आत नेऊन शेक द्यायचा, असं चतुराबाईनं ठरवलं आणि हलीमाबीला बजावलं, की वस्तीत ज्या ज्या घरी बाळंतपण करशील तिथे हेच सांगायचं. "नाई आयकलं तं मले बोलवजो."

"तुले बोलावलं तं बायंतीन भेवानंच मरन," हलीमाबी म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आधी चतुराबाई सत्यभामेच्या पायाशी बसली. खिडकीतून हवा येत होती, वरच्या भोकातून जात होती. सत्यभामा गळ्यापर्यंत वाकळ घेऊन, लेकराला पाजत होती. चतुराबाईनं वाटीतलं कोमट तेल घेतलं आणि सुनेच्या टाचांना चोळायला लागली. सत्यभामा पाय ओढू लागली.

"आत्याबाई, तुमी माह्या पायाले हात लावता?"

"गप बस. तेल वाया जाते."

मग सत्यभामाच म्हणाली, "माह्यं चुकलं पन, आत्याबाई. म्याच कंदिलाचा हट्ट धरला. त्याच्यावर भरोसा टाकला नसता तं म्या खिडकी उघडलीच असती. सहाव्यांदा, सातव्यांदा, कितीकदा बी."

चतुराबाईचा हात थांबला नाही. टाचेच्या भेगेत तेल मुरवत, वर न पाहता ती म्हणाली,

"उर्मट हायेस तू, सत्यभामा. या घरात पाय ठेवला तवापासून पाहून राहिली म्या. सांगतलेलं एक बी मुकाट्यानं आयकत नाईस. साऱ्या वस्तीत म्या हेच सांगतलं, अन् उद्या कोनी इचारलं तं पुन्हा हेच सांगीन. पन पोरी, माह्या सासूच्या घरी आमी साऱ्या गुनाच्या होतो. तुह्यावानी एक जरी उर्मट राह्यली असती त्या घरात, तं माही पोरगी आज तीस वर्साची असती."